आजी-आजोबांच्या घरी विश्रांती का मिळत नाही आणि ती कशी मिळवता येईल

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे. पाच वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा यांना घेऊन तुम्ही दोघे समुद्राकाठी, उष्ण आणि दमट हवेच्या गावात राहणाऱ्या सासू-सासऱ्यांकडे दहा दिवसांसाठी जाणार आहात. गेल्या वर्षी तेथून परतल्यावर तुमच्या अंगातला शीण आठवडाभर गेला नव्हता. मुलीला पहिल्या दोन दिवसांतच ऊन बाधले, सासूबाई सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघरातच राहिल्या, त्याचा तुम्हाला संकोच वाटत राहिला आणि रोज कोठे ना कोठे जाण्याचा बेत असल्यामुळे कोणालाही दुपारी धड पाठ टेकता आली नाही. या वेळी ही सुट्टी निवांत कशी होईल आणि त्यासाठी जवळच वेगळी खोली घेऊन राहावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. एकाच घरातील तीन पिढ्या माझ्याकडे येत असल्यामुळे अशा सुट्टीची हकिगत मला बहुधा दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळते. सून सांगते, “आई थकतात, म्हणून मी स्वयंपाकघर सोडले नाही.” चार दिवसांनी रक्तदाब तपासून घ्यायला आलेल्या सासूबाई सांगतात, “ती विश्रांतीला आली होती, म्हणून मी स्वयंपाकघर सोडले नाही.” दोघीही खरे बोलत असतात आणि दोघीही दमलेल्या असतात. त्यामुळे तुमच्या प्रश्नातले खरे दुखणे उन्हाचे किंवा लहान मुलांचे आहे, असे मला वाटत नाही. त्या घरात दिवस कसा जाईल हे कोणीच ठरवलेले नसते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून वागत असतो, हे मूळ दुखणे आहे.

या म्हणण्याला संशोधनाचाही आधार आहे. कामाचा शीण कशाने उतरतो याचा अभ्यास करणाऱ्या साबिने झोनेंटाग आणि शार्लट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली त्यासाठी चार गोष्टी मांडल्या होत्या: मन कामापासून सुटणे, निवांतपणा, काहीतरी नवे जमल्याचे समाधान आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणे. दुसऱ्याच्या घरी, मग ते कितीही मायेचे असो, यांपैकी चौथी गोष्ट सर्वांत आधी हातची जाते. केव्हा उठायचे, केव्हा जेवायचे आणि कोणाला भेटायला जायचे, हे सारे परस्पर ठरत जाते. २०१० साली नेदरलँड्समधील १,५३० प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीहून परतल्यावर, ती न घेतलेल्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले ते केवळ आपली सुट्टी “अतिशय निवांत” गेली असे सांगणारे लोक, आणि त्यांचाही तो आनंद काही आठवड्यांत ओसरला. जी सुट्टी जेमतेम बरी गेली तिचा परतल्यावर काही उपयोग दिसला नाही. म्हणून दहा दिवसांत किती ठिकाणे पाहून झाली याचा हिशेब तुम्ही मनातून काढून टाकावा, असे मी सुचवेन.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगतो. सासू-सासऱ्यांची प्रकृती कशी आहे, घरात किती खोल्या आहेत, किनारा पायी जाण्याजोगा आहे की वाहनाने जावे लागते, तेथे जीवरक्षक असतात की नाही आणि तुमच्या पतीला आपल्या आईशी मोकळेपणाने बोलता येते की नाही, यांवर पुढचे बरेचसे बदलेल. शेवटचा मुद्दा मी गमतीने लिहिलेला नाही. घरातले वेळापत्रक बदलण्याची गोष्ट सुनेने काढली तर ती तक्रार ठरते, आणि मुलाने काढली तर ती सोय ठरते. हे न्याय्य नाही, पण मी ते इतक्या वेळा पाहिले आहे की निघण्यापूर्वीचा फोन तुमच्या पतीनेच करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिले तीन दिवस कोणताही बेत ठेवू नका. मुलीला गेल्या वर्षी पहिल्या दोन दिवसांतच त्रास झाला, यात आश्चर्य नाही. शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. याचा अर्थ असा की तुमच्या दहा दिवसांपैकी बहुतेक दिवस शरीर जुळवून घेण्यातच जाणार आहे आणि सुरुवातीचे दिवस सर्वांत नाजूक आहेत. त्यात दमट हवेची अडचण वेगळीच असते. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही; तो वाळला तर होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असल्यावर घाम नुसता निथळत राहतो, अंगातले पाणी आणि मीठ जाते, पण उष्णता तेथेच राहते. म्हणून कोरड्या हवेत ज्या तापमानाला मूल मजेत खेळते, त्याच तापमानाला किनाऱ्यावर ते मलूल होते. पंखा घाम वाळवण्यास मदत करतो, म्हणून तो हवाच. मात्र खोलीतील हवा ४० अंश सेल्सियसच्या वर गेल्यास पंखा उलट उष्णता अंगावर आणतो, हे लक्षात ठेवावे.

मुलीला तहान लागण्याची वाट न पाहता खेळताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे पाणी द्यावे. धाकट्याला अंगावरचे दूध नेहमीपेक्षा अधिक वेळा द्यावे. तो सहा महिन्यांच्या पुढचा असल्यामुळे मध्ये थोडे उकळून थंड केलेले पाणीही चालेल. सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही किंवा मूल नेहमीपेक्षा सुस्त वाटते, अशी लक्षणे दिसल्यास थांबू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. जुलाब किंवा उलट्या झाल्यास ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात घालण्याची सवय मी अनेक सुशिक्षित घरांत पाहिली आहे. त्याने क्षारांचे प्रमाण बिघडते आणि लहान मुलाला अपाय होऊ शकतो. घामोळ्यांवर पावडरीचे थर देण्याऐवजी सैल सुती कपडे घालावेत आणि दोन वेळा साध्या पाण्याने अंग पुसावे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या आसपास गेले आणि मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत, वारा घालत ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आता दिवसाच्या आखणीकडे येतो. माझ्या मते तुमच्या सुट्टीचे यश येथेच ठरेल. वय वाढते तशी माणसाची झोपेची वेळ अलीकडे सरकते, म्हणजे रात्री लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. लहान मुलेही पहाटेच उठतात. ज्यांना उशिरापर्यंत झोपावेसे वाटते ती मधली पिढी, म्हणजे तुम्ही दोघे. बहुतेक घरांत होते असे की पहाटे साडेपाचला मूल उठते, त्याच्या आवाजाने कोणाची झोप मोडू नये म्हणून आई त्याला घेऊन बाहेर येते आणि बाहेर आजोबा आधीच उठून एकटे बसलेले असतात. आजोबांना नातवंड हवे असते आणि आईला झोप हवी असते, पण भिडेपोटी कोणीच तसे म्हणत नाही. हे एकदा उघडपणे ठरवून टाकावे. सकाळी साडेपाच ते आठ ही वेळ आजी-आजोबा आणि नातवंडांची, आणि त्या वेळी तुम्ही दोघांनी झोपून राहावे. धाकटा अजून अंगावर पीत असल्यामुळे त्याला पाजून पुन्हा पडावे. माझ्याकडे येणाऱ्या ज्या कुटुंबांनी एवढा एकच बदल केला, त्यांना दुसरे काही सांगावे लागले नाही.

या व्यवस्थेचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही चुकता करायला हवा. सकाळचे अडीच तास आजी-आजोबांनी सांभाळले, तर दुपारी जेवणानंतरचे तीन तास त्यांचे असावेत. त्या वेळी दोन्ही मुले तुमच्याकडे, दार लोटलेले आणि आजी-आजोबांना कोणीही हाक मारायची नाही. बाहेरचे ऊनही तेव्हा सर्वांत कडक असते. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सुमारे ६० टक्के सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांतच जमिनीवर पोहोचतात, म्हणून हा वेळ घरात घालवणे हे आळसाचे लक्षण नसून शहाणपणाचे आहे.

स्वयंपाकघराचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवतो, कारण तो भावनेचा आहे. बहुतेक सासूबाईंना करून वाढण्यात आनंद असतो, आणि तो आनंद हिरावून घेतलात तर त्या दुखावतील. मात्र रोज तीन वेळा घरातल्या सगळ्यांचे रांधणे आणि एके दिवशी हौसेने आपल्या हातचे करून घालणे यांत फरक आहे. आपले दहा दिवस असतील तर तीन जेवणे त्यांच्या हातची, त्यांनी निवडलेली आणि सगळ्यांनी बसून खाल्लेली असावीत; बाकीच्या दिवशी साधा, लवकर होणारा स्वयंपाक तुम्ही दोघांनी मिळून करावा किंवा बाहेरून आणावा. “आई, तुम्ही बसा, मी करते” असे रोज म्हणण्यापेक्षा हे आधी ठरलेले असेल तर कोणाला ताटकळत उभे राहावे लागत नाही. भांड्यांसाठी दहा दिवसांपुरते कोणी मिळत असेल तर तो खर्च तुमचा. तोही फोनवरच ठरवून टाकावा.

किनाऱ्यावर रोज एकदाच, सकाळी आठ ते साडेनऊ किंवा सूर्यास्तापूर्वीचा दीड तास जावे. वाळूवरून सुमारे १५ टक्के आणि फेसाळ पाण्यावरून सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित होतात, त्यामुळे छत्रीखाली बसलेले मूलही भाजू शकते. पातळ ढगांतून हे किरण बरेचसे आरपार येतात आणि वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही. त्वचा लाल झाल्याचे घरी आल्यावर कळते. मुलीचे गेल्या वर्षी बहुधा असेच झाले असावे. एक सोपी खूण सांगतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किनारा सोडावा. मुलीला पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा, कडेची टोपी आणि उघड्या अंगावर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन निघण्यापूर्वी वीस मिनिटे लावावे, ते दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. धाकट्यासाठी सावली आणि कपडे हाच मुख्य उपाय; सहा महिन्यांपुढच्या बाळाला सनस्क्रीन चालते, पण ते लावले म्हणून त्याला उन्हात ठेवू नये.

पाण्याबाबत मी थोडा कडक होणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांपैकी जवळपास पाव हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. बुडणारे मूल ओरडत नाही. श्वास घेण्याचीच धडपड चालू असल्यामुळे त्याला आवाज काढता येत नाही, आणि घरातील चार मोठी माणसे दहा पावलांवर गप्पा मारत असतानाही हे घडू शकते. किंबहुना तेव्हाच घडते, कारण प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी बघत आहे. म्हणून एका वेळी एकाच माणसाने बघायचे, त्याच्या हातात फोन नसावा, आणि जबाबदारी देताना तोंडाने म्हणावे, “आता तू बघ,” आणि दुसऱ्याने “बघतो” असे उत्तर द्यावे. मुलगी पाण्यात असताना हे माणूस हाताच्या अंतरावर असले पाहिजे. ही जबाबदारी आजोबांवर टाकू नये. ते एके काळी पट्टीचे पोहणारे असतील, पण घसरत्या वाळूवर लाट अंगावर आली असता सत्तरीतल्या माणसाला पाच वर्षांचे मूल उचलून मागे येणे जमेलच असे नाही.

समुद्रात आत ओढून नेणारे प्रवाह असतात, आणि ते नेमके कोठे आहेत हे नवख्याला उलटेच दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला जो पट्टा शांत, गडद आणि पोहण्यास योग्य वाटतो, तेथे पाणी आत जात असण्याचा संभव असतो. हा ओढा एरवी संथ असला तरी कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो, आणि त्याच्याविरुद्ध कोणीही पोहू शकत नाही. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर पोहून ओढ्याबाहेर पडावे, आणि तेही जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. लाल-पिवळी निशाणे असतील तर त्यांच्या मध्येच उतरावे. लाल निशाण असेल तर परत फिरावे, मग मुलगी कितीही रडो. ज्या किनाऱ्यावर जीवरक्षक नाहीत तेथे मुलीच्या घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. भरती-ओहोटीची वेळ सासऱ्यांना विचारावी. बऱ्याच किनाऱ्यांवर ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची सुरक्षित वेळ आज सुरक्षित असेलच असे नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा बरेच वर येते. हवा भरलेली रबरी चक्रे आणि गाद्या घरीच ठेवाव्यात. सकाळच्या पहिल्या प्रहरात वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि असे खेळणे मुलासकट आत जायला वेळ लागत नाही.

धाकट्याला समुद्र पाहिजेच, असे नाही. ओहोटीच्या वेळी वाळूत साचलेल्या वितभर पाण्यात मांडीवर धरून पाच-दहा मिनिटे पाय भिजवले की त्याची हौस फिटते, आणि तेवढ्या पाण्यातही हात सोडायचा नाही.

घरातल्या धोक्यांविषयी दोन गोष्टी सांगतो. दहा महिन्यांचे मूल रांगते आणि दोन बोटांच्या चिमटीत जमिनीवरचा बारीक कण उचलू शकते. आजी-आजोबांच्या घरी जेवणाच्या टेबलावर किंवा उशाशी गोळ्यांचा डबा असतो, आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा आहेत की एक-दोन पोटात गेल्या तरी तान्ह्याच्या जिवावर बेतू शकते. पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी सगळी औषधे उंच, बंद कपाटात हलवावीत, आणि खाली पडलेली गोळी सापडेपर्यंत शोधण्याची विनंती करावी. दुसरी वस्तू म्हणजे श्रवणयंत्रातील किंवा रिमोटमधील बटणासारखी चपटी बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तेथे गंभीर जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका असली तरी रात्र काढू नये. डासांचेही पाहावे. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी लवकर आणि सूर्यास्तापूर्वी, म्हणजे मी ज्या वेळा बाहेर पडण्यासाठी सुचवल्या त्याच वेळी. म्हणून अंगभर कपडे दोन्ही कारणांनी उपयोगी आहेत. ताप आल्यास निदान होईपर्यंत पॅरासिटामोलखेरीज दुसरे तापाचे औषध देऊ नये.

धाकट्याविषयी सासूबाईंना आधीच एक कल्पना द्यावी. आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुले अनोळखी चेहऱ्याला बिचकतात, आणि बऱ्याच दिवसांनी भेटणारी आजी त्याच्या दृष्टीने अनोळखीच असते. आल्याआल्या कडेवर घेतल्यावर त्याने भोकाड पसरले, तर त्यात आजीचा किंवा तुमच्या वळणाचा दोष नाही. त्याला तुमच्या मांडीवर ठेवून आजीने शेजारी बसावे, त्याच्याकडे न बघता तुमच्याशी बोलावे आणि हातात एखादे भांडे वाजवत राहावे. बहुधा दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून तिच्याकडे झेपावतो. म्हणून सकाळची ती व्यवस्था धाकट्यासाठी तिसऱ्या दिवसापासून सुरू करावी. मुलीसाठी पहिल्या दिवसापासून चालेल.

वृद्धांची तहान मंदावलेली असते आणि लघवीच्या किंवा रक्तदाबाच्या काही औषधांमुळे त्यांना उकाडा अधिक बाधतो. नातवंडांच्या मागे धावताना आपण सकाळपासून पाणी प्यायलेलो नाही, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मुलीला पाणी देताना आजीलाही पेला द्यायचे काम मुलीकडेच सोपवावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

राहिला वेगळ्या खोलीचा प्रश्न. घरात तुम्हा चौघांसाठी दार लावता येईल अशी एक खोली असेल आणि तीत रात्री गारवा राहत असेल, तर मी घरातच राहण्याचा सल्ला देईन, कारण सकाळचे ते अडीच तास वेगळे राहिल्यास मिळणार नाहीत. तशी खोली नसेल, सगळ्यांना एकाच दालनात झोपावे लागत असेल किंवा सासऱ्यांची झोप आधीच कमी असेल, तर वेगळी खोली अवश्य घ्यावी. मात्र ती पोहोचल्यावर, दोन दिवस धुसफुस झाल्यानंतर घेऊ नये. मग ती रागावून घेतल्यासारखी दिसते. निघण्यापूर्वी तुमच्या पतीने फोनवर सांगावे की बाळ रात्री तीनदा उठते, तुमची झोपमोड होईल, म्हणून आम्ही रात्री नऊ वाजता खोलीवर जाऊ आणि सकाळी सहाला मुलांना तुमच्याकडे आणून सोडू. मुलांना सोडायला पतीनेच जावे. तुम्ही आठपर्यंत झोपावे.